टाकी गळते तेव्हा: जमिनीखालचं पेट्रोल कसं शोधतात

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून सेकंदाला एक थेंब एवढीच गळती धरू. थेंब ०.०५ मिलिलिटरचा मानला तरी दिवसाला ४.३ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पेट्रोल मातीत मुरतं. पेट्रोलमध्ये बेन्झीन हा विषारी घटक १ टक्का असेल, तर एका लिटरमागे जवळपास ९ ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. या हिशेबाने ते ९ ग्रॅम सुमारे ९ लाख लिटर पाणी मर्यादेला नेऊन भिडवतात. म्हणूनच या तपासात ‘काही सापडलं नाही’ या उत्तरावर सगळ्यात आधी शंका घ्यावी लागते. पेट्रोल खरंच नसतं, की आपल्या हातून निसटलेलं असतं?

तपास सुरू होतो साठ्याच्या वहीपासून. रोज टाकीत डिप (खुणा असलेली मोजपट्टी) टाकून मोजलेला साठा आणि विक्रीचा आकडा जुळवून पाहायचा. पण एका दिवसाच्या तुटीवरून काहीच ठरवू नये. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का आकसतं किंवा फुगतं. १०,००० लिटरचा साठा ५ अंशांनी थंड झाला तर ५० लिटर ‘गायब’ दिसतात. तूट महिनाभर एकाच बाजूला पडत राहिली की मात्र ती गंभीर. ती विक्रीच्या प्रमाणात वाढत असेल तर पाइपलाइन किंवा मीटर तपासावा. विक्री बंद असताना रात्रीतही पातळी उतरत असेल तर टाकी. भूजल टाकीच्या बुडापेक्षा वर असेल तर छिद्रातून उलट पाणीच आत शिरू शकतं आणि मग वहीत तूट दिसतच नाही. अशा ठिकाणी डिपच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळाचं पाणी नियमित मोजावं.

पुढची पायरी बोअरची. आधी जमिनीखालच्या केबल आणि पाइप कुठून जातात ते पाहायचं आणि वरचा सव्वा-दीड मीटर हातानेच खणायचा. बोअर घ्यायचे ते टाकीच्या बाजूला, पाइपच्या जोडांपाशी, पंपाच्या मशीनखाली आणि भूजलाच्या उताराच्या दिशेला. दर मीटरला, शिवाय मातीचा रंग किंवा पोत बदलेल तिथे, नमुना घ्यायचा. झिपच्या पिशवीत अर्ध्यापर्यंत माती भरून ती बंद करावी, दहा मिनिटं ठेवून हलवावी आणि फोटोआयोनायझेशन डिटेक्टरची नळी आत खुपसून वाफेचं प्रमाण वाचावं. माती मुद्दाम नाकाशी नेऊन हुंगू नये. बेन्झीन कर्करोगकारक आहे. हे यंत्र वाफ आहे एवढंच सांगतं, कशाची ते सांगत नाही. शिवाय डिझेलची वाफ कमीच होते, त्यामुळे डिझेलने भिजलेल्या मातीवरही आकडा लहान येऊ शकतो.

प्रयोगशाळेचा नमुना इथेच बिघडतो. चमच्याने बरणीत भरलेल्या मातीतलं बरंचसं बेन्झीन वाटेतच उडून जातं. त्यासाठी टोक कापलेल्या सिरिंजने साधारण ५ ग्रॅम मातीचा गाभा काढून, आधीच वजन केलेल्या कुपीतल्या, बेन्झीन धरून ठेवणाऱ्या मिथेनॉल या द्रावकात तत्काळ सोडतात.

भूजलासाठी निरीक्षण विहिरी लागतात. भूजल कुठे वाहतं ते कळायला किमान तीन, आणि त्याही एका रेषेत नकोत. साधारण ५० मिमीचा पीव्हीसी पाइप, त्याच्या चिरा असलेल्या भागाभोवती गाळणीची वाळू, तिच्यावर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची सील आणि वर सिमेंट. पाइप आट्यांनीच जोडायचे; चिकटवायच्या सोल्यूशनमधली द्रावकं पाण्यात उतरतात आणि अहवालात दिसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चिरांचा भाग पूर्ण पाण्याखाली ठेवणं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. वरची कड बंद असेल तर ते विहिरीत येणारच कसं? चिरा पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे हव्यात.

विहिरीत पेट्रोलचा थर सापडला, तर तेल आणि पाणी वेगळं ओळखणाऱ्या प्रोबने त्याची जाडी मोजतात. २० सेंमीचा थर, घनता ०.७५ धरली तर, खालचं पाणी १५ सेंमी दाबतो. मोजलेल्या पाण्याच्या पातळीत हे १५ सेंमी मिळवायचे राहिले की भूजलाचा उतार चुकीचा निघतो आणि पुढच्या विहिरी भलत्याच बाजूला खोदल्या जातात.

पाण्याचा नमुना घेण्याआधी विहिरीत साचून राहिलेलं पाणी काढतात, मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या सावकाश. आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन आणि विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिरावले की कुपी भरायची. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब आधीच टाकलेली ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरावी, इतकी की पाणी तोंडावर फुगून उभं राहील. मग झाकण लावून ती उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि बुडबुडा वर जातो का ते पाहायचं. दिसला तर ती कुपी बाद; विरघळलेलं बेन्झीन त्या हवेत निघून जातं. कुप्या ४ अंशांच्या आसपास ठेवून १४ दिवसांच्या आत तपासायच्या. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही प्रवास करते. तिच्यात बेन्झीन सापडलं तर दोष वाहतुकीतला किंवा हाताळणीतला असू शकतो.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणून लगेच पेट्रोल समजू नये. काडीने ढवळून पाहावं: लोहजीवाणूंचा तवंग काचेसारखा तुकड्यांत फुटतो, पेट्रोलचा पुन्हा जुळून येतो.

एवढं करूनही पाण्याची पातळी फसवते. ती खाली जाते तसं पेट्रोल मातीच्या कणांना लिंपत जातं. पाणी पुन्हा चढलं की तेच पेट्रोल पाण्याखाली, कणांमधल्या फटींत अडकतं. विहिरीतला थर पातळ होतो, कधी पूर्ण नाहीसा होतो, आणि ‘साफ झालं’ म्हणून काम बंद केलं जातं. पावसानंतर घेतलेलं एकच मोजमाप म्हणून पुरत नाही. वर्षभरात पाणी सर्वांत वर असताना आणि सर्वांत खाली असताना त्याच विहिरी पुन्हा मोजाव्या लागतात. पाणी उतरलं की थर बहुधा परत दिसतो.