हप्ता हलका करून मागणं आणि तडजोड मागणं: घरकर्जाचे दोन वेगळे अर्ज

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला एक ट्रॅक्टर मिस्त्री २०२५ च्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक अर्ज घेऊन आला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्याच्या गॅरेजात कमरेएवढं पाणी होतं. सुटे भाग गेले आणि सोयाबीन शेतातच कुजल्यामुळे दुरुस्तीला येणारी गिऱ्हाईकंही गेली. घरकर्जाचे दोन हप्ते थकले होते, तिसरा तोंडावर होता. अर्जाची शेवटची ओळ होती, "तरी माझ्या घरकर्जाचे ओटीएस करून द्यावे ही नम्र विनंती."

ओटीएस म्हणजे वन टाइम सेटलमेंट, एकरकमी तडजोड. मी विचारलं, "एकदम भरायला हाताशी किती आहेत?"

"काका, एकदम भरायला असते तर हप्ता कशाला थकला असता?"

म्हणजे त्याला ओटीएस नको होतं. त्याला सहा महिने श्वास घ्यायला हवा होता आणि नंतर थोडा हलका हप्ता. मी बँकेत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच भागातल्या शाखांत. ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती लिहून ठेवावीशी वाटते.

ओटीएसमध्ये, म्हणजे एकरकमी परतफेडीत, बँक येण्यातला काही भाग सोडते, तुम्ही उरलेली ठरावीक रक्कम भरता आणि खातं बंद होतं. दुसरी गोष्ट पुनर्रचना. तिच्यात कर्ज जसंच्या तसं राहतं, फक्त फेडायची रीत बदलते: मुदत वाढते, हप्ता कमी होतो किंवा काही महिने फक्त व्याज भरायचं ठरतं. एकात तुम्ही म्हणता, "हे इथंच संपवू." दुसऱ्यात म्हणता, "मी फेडणार आहे, पण या चालीनं नाही."

मग मराठवाड्यात घरकर्जाच्या अर्जातही ओटीएस हाच शब्द का येतो? माझ्या मते त्याचं मूळ कर्जमाफीत आहे. २०१७ च्या शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली. ज्यांची त्याहून जास्त होती त्यांनी वरची रक्कम भरली की सरकार दीड लाख भरत होतं, आणि त्या भागाचं नावच एकरकमी परतफेड होतं. गावोगाव याद्या लागल्या आणि ओटीएस हा शब्द सुटकेचा शब्द म्हणून कानात बसला. पीककर्जात ते खरंही होतं, कारण सोडलेल्या पैशांची भरपाई सरकार करत होतं. घरकर्जात मागे सरकार उभं नाही. सोडलेला प्रत्येक रुपया बँकेच्या खिशातून जातो आणि बँकेकडे तर तुमचं घर गहाण आहे. बारा लाखांच्या येण्यापोटी वीस लाखांचं घर हाताशी असेल, तर बँकेनं सूट का द्यावी? तडजोडीची बोलणी खरी चालतात ती घर विकूनही येणं पूर्ण वसूल होणार नाही असं बँकेला वाटतं तेव्हा, किंवा मालमत्तेचं प्रकरण वर्षानुवर्षं अडकणार असं दिसतं तेव्हा.

मिस्त्रीची बाकी बारा लाख होती, व्याज ९ टक्के, मुदत उरलेली दहा वर्षं. हप्ता सुमारे १५,२०० रुपये. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता सुमारे १२,१७० वर येतो. दरमहा तीन हजारांची सोय झाली, पण शेवटपर्यंत धरलं तर व्याज साडेतीन लाखांहून जास्त वाढतं. सहा महिने काहीच भरलं नाही तर दर महिन्याला नऊ हजार व्याज चढतं आणि मुद्दल जिथल्या तिथं. पुनर्रचना फुकट मिळत नाही, हे त्याला मी आधी सांगितलं. शिवाय अडचणीपोटी पुनर्रचना झालेलं खातं सहसा बँकेच्या वहीत खालच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या वर्गात जातं, क्रेडिट अहवालातही (सिबिल वगैरे) तशी नोंद होते. तरीही घर ठेवायचं असेल आणि कमाई परत येणार असेल, तर हाच रस्ता धरावा असं मला मनापासून वाटतं.

या पहिल्या अर्जाचा जीव आकड्यांत असतो. "परिस्थिती फार हलाखीची आहे" हे वाक्य शाखाधिकारी दिवसातून चारदा वाचतो आणि त्यावर तो काही मंजूर करू शकत नाही. काय घडलं, कोणत्या तारखेला, आधी महिन्याला किती यायचे, आता किती येतात, किती महिन्यांत पूर्ववत होतील आणि तोवर मी दरमहा नेमके किती भरू शकतो, एवढं त्यात हवं. मिस्त्रीनं शेवटी लिहिलं: "पुढील सहा महिने मी दरमहा ९,००० रुपये व्याजापोटी भरीन. त्यानंतर मुदत वाढवून हप्ता १२,२०० च्या आसपास ठरवावा." याला बँक हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते किंवा मधला आकडा सांगू शकते. "सहकार्य करावे" याला ती काहीच म्हणू शकत नाही.

सोबतची कागदपत्रं ज्याच्या त्याच्या धंद्याची. पुरात गेलेल्याला तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत, मोंढ्यात माल घालणाऱ्याला आडतीच्या पट्ट्या, विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला पगार किती महिन्यांचा थकला याचं संस्थेचं पत्र. खात्यात बायकोचं किंवा भावाचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर त्यांचीही सही. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि एकीवर तारखेसह पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं शाखाधिकाऱ्याची बदली झाली की हवेत जातं, हे मी आतून पाहिलेलं आहे.

वेळ मात्र सगळ्यात महत्त्वाची. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक होतं, आणि हे दिवस मोजले जातात सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून. म्हणून अर्धामुर्धा हप्ता भरण्यापेक्षा सगळ्यात जुना हप्ता पुरता मिटवणं जास्त कामाचं; मोजणी महिनाभर मागे सरकते. एकदा एनपीए झालं की थोडंथोडं भरून खातं वर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. थकण्याआधी दिलेल्या अर्जाला शाखा जितकं ऐकते, तितकं नोटीस निघाल्यावरच्या अर्जाला ऐकत नाही.

तडजोडीचा अर्ज वेगळ्याच माणसाचा असतो. खातं एनपीए होऊन बराच काळ गेलेला आहे, कमावणारा माणूस गेला किंवा आजारानं खिळला आहे, पण बहिणीनं किंवा सासऱ्यानं काही रक्कम उभी केली आहे. अशा वेळी अर्जात रक्कम, ती कुठून येणार आणि किती दिवसांत भरणार, हे तीन मुद्दे स्पष्ट हवेत. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत तीन महिन्यांहून लांबलेली तडजोड पुनर्रचनाच धरली जाते, त्यामुळे बँका "वर्षभरात भरतो" याला फारसं मानत नाहीत. तडजोड केल्यावर किमान बारा महिने तीच बँक नवं कर्ज देत नाही (शेतीकर्जाचा अपवाद सोडून) आणि क्रेडिट अहवालात खात्यापुढे "सेटल्ड" असं लागतं. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांनी कर्ज लागणार असेल तर हा शेरा आत्ताच विचारात घ्या. तडजोड मंजूर झाली तर पत्र लेखी घ्या, त्यात "पूर्ण व अंतिम" असे शब्द आहेत का ते पाहा. रक्कम भरल्यावर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत; बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

सरफेसी कायद्याची (ज्यानं बँक कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ शकते) कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस आली असेल, तर घाबरून तडजोडीचा अर्ज टाकून मोकळं होऊ नका. आकड्यात चूक असेल, तर त्या मुदतीत आधी नोटिशीला लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताबा घेण्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. मात्र दोन्ही अर्जांत एक गोष्ट सारखी आहे: सहीनिशी कर्ज मान्य केलं की मुदतीच्या कायद्याप्रमाणे बँकेला वसुलीचा दावा लावायची मुदत नव्यानं सुरू होऊ शकते. फार जुन्या, वादातल्या खात्यावर सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

मिस्त्रीनं जुना अर्ज माझ्यासमोरच फाडला. बायकोच्या भिशीचे पैसे आले होते, त्यातून सगळ्यात जुना हप्ता पुरा भरला आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज देऊन पोच घेतली. संध्याकाळी पोचेचा फोटो पाठवला. शिक्का थोडा पुसट होता, तारीख मात्र नीट वाचता येत होती.