कॉफी आणि पूर्वमधुमेह (कोकण किनारा)

रक्तातली साखर निरोगी मर्यादा ओलांडते, पण मधुमेहाचे निदान करावे इतकी वाढलेली नसते, त्या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) ५.७ ते ६.४ टक्के, हा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा निकष आहे. रोज कॉफी पिणाऱ्या लोकांना पुढे मधुमेह कमी होतो, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. कोकणात मात्र ‘कॉफी चांगली की वाईट’ हे ठरवण्याआधी कपात काय काय पडते ते पाहावे लागते.

किनाऱ्यावरच्या घरांत रोजचे पेय चहा. कॉफी होते ती उपवासाच्या दिवशी, पाहुणे आले म्हणून, पावसाळी संध्याकाळी किंवा जागरणाच्या रात्री. दूध तापवायचे, त्यात साखर आणि थोडी कॉफी पूड घालायची, वेलची कुटून टाकायची आणि वर जायफळ किसायचे. हे जायफळ पुष्कळदा आपल्याच बागेतले असते. नारळी-पोफळीच्या सावलीत ते चांगले वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही त्याची जातही दिली आहे. जायफळाने झोप येते म्हणून रात्रीची कॉफी बाधत नाही, असे घरोघरी म्हणतात. पण चिमूटभर जायफळाने कॉफीतले कॅफीन कमी होत नाही.

खरा प्रश्न साखरेचा आहे. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम. दोन चमचे साखरेचे चार कप झाले, की ३२ ते ४० ग्रॅम साखर पोटात गेली. वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्तातली साखर वाढतेच. दूध, साखर आणि कॉफी एकत्र असलेल्या तयार पुड्यांत तर कॉफीपेक्षा साखरच जास्त असते.

संशोधनाकडे या नजरेने पाहावे. नेदरलँड्समधल्या सुमारे १७,००० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दिवसाला सात किंवा अधिक कप पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका, दोन किंवा त्याहून कमी कप पिणाऱ्यांच्या निम्मा होता. २०१४ मध्ये २८ पाहण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ११ लाखांहून अधिक माणसे होती. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीतही तोच कल दिसला, म्हणून श्रेय कॅफीनपेक्षा कॉफीतल्याच क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांना द्यावे असे मानतात. पण या सगळ्या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. कॉफी पिणारे आणि न पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात.

प्रयोगाने चित्र बरेच सौम्य होते. सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या १२६ जादा वजनाच्या प्रौढांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना रोज चार कप इन्स्टंट कॉफी, निम्म्यांना कॉफीसारखे दिसणारे दुसरे पेय. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात फरक पडला नाही. चरबी तेवढी थोडी घटली. भारतीय शरीरांचा समावेश असल्याने आपल्यासाठी ही चाचणी मोठ्या युरोपीय पाहण्यांहून जास्त मोलाची आहे. उलट, कॅफीन घेतल्यावर काही तास इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या २०२० च्या एका छोट्या प्रयोगात, झोपमोडीनंतर न्याहारीपूर्वी कडक कोरी कॉफी घेतल्यावर साखरेची उसळी सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. रात्रभर जागून पहाटे कडक कॉफी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

बारीक माणसाने ‘मला काय धोका’ असे समजू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या मधुमेह-संशोधकांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३ होता, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली. म्हणून इथे वजनापेक्षा कंबर मोजणे महत्त्वाचे: पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. कोकणाला लागून असलेल्या गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. कॉफीचा आधार शोधण्याआधी चालणे आणि आहार सुधारावा. भारतातल्या पूर्वमधुमेही लोकांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत, तेवढ्यानेच मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला होता.

उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर बिनसाखरेची कोरी कॉफीसुद्धा घेऊ नये. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाही. पूड उकळून न गाळलेल्या कॉफीने वाईट कोलेस्टेरॉल वाढते. कागदी गाळणीतून काढलेल्या कॉफीने तसे होत नाही.

कॉफी पुडीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळात कॅफीन नसते, त्यामुळे मिश्रणाच्या डब्यावरचे प्रमाण वाचूनच कपाचा जोर ठरतो. पावसाळ्यात भाजीला वापरतात त्या टाकळ्याच्या बिया भाजून, दळून कॉफीसारखे पेय करता येते. त्यात कॉफी मुळीच नसते, आणि वरच्या पाहण्यांतला एकही आकडा त्याला लागू होत नाही.