उपनगरांची रात्रगस्त आणि हद्दीचा जुना गुंता : पार्श्वभूमी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात घरफोड्यांची चर्चा सुरू होते. लग्नाला किंवा गावी गेलेले कुटुंब परत येते, तर दाराचा कडीकोयंडा उचकटलेला आणि कपाटातले सारे साहित्य विस्कटलेले. अलीकडे अशा बातम्यांत पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, सरनोबतवाडी ही नावे वारंवार येतात. शहराला चिकटलेल्या, पण महापालिकेच्या बाहेर राहिलेल्या या वस्त्या आहेत. रहिवाशांनी स्वतःच रात्रगस्त घालावी का, हा सध्याचा वाद इथलाच आहे.

संस्थानकाळातली एक गोष्ट या वादात आजही लागू पडते. त्या काळी काही जातींच्या माणसांना, गुन्हा केलेला असो वा नसो, रोज सरकारी हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये ती पद्धत बंद केली. ज्यांना चोर ठरवून गावाबाहेर ठेवले होते, त्या फासेपारध्यांना त्यांनी राखणीच्या कामावर घेतले. जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदा देशात त्यानंतर 34 वर्षांनी, म्हणजे 1952 मध्ये रद्द झाला.

पेठांतली राखण तालमींच्या जिवावर होती. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ भागात तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत माणसे बसलेली असत. बोळात अनोळखी माणूस शिरला की "कुणाकडं जायचंय?" एवढे विचारले जाई आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागे. याच तालमी-मंडळांच्या ईर्षेतून फुटबॉलच्या मैदानावर आणि मिरवणुकीत हाणामाऱ्याही झाल्या. काही ठिकाणी मंडळाच्या आडोशाने फाळकूटदादा पोसले गेले. त्यामुळे तो काळ सोन्याचा होता असे म्हणता येणार नाही. पण गल्लीतला माणूस गल्लीला ओळखत होता.

खरा प्रश्न हद्दवाढीपाशी, म्हणजे लगतची गावे महापालिकेत घेण्यापाशी, येऊन अडतो. नगरपालिका 1854 ची, महापालिका 1972 ची. शहराचे क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर, आणि महापालिका होऊनही ते वाढले नाही. माणसे मात्र वाढली. पेठेतल्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, थोरल्याने वाडा ठेवला, धाकट्याने पाचगावात प्लॉट घेतला. हद्दवाढीचे प्रस्ताव अनेकदा गेले, गावांची यादी कधी लांबली, कधी आखडली. शहरात बंद, गावांत मोर्चे, असे चालत राहिले. शेवटी 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी शहराभोवतीच्या 42 गावांसाठी प्राधिकरण आले. बांधकाम परवाने आणि विकास आराखडा हे त्याचे काम. गल्लीतला बंद पडलेला दिवा त्यात कुठेच बसत नाही.

गावांचा विरोध उगाच नव्हता. जे शहर आपल्याच उपनगरांना वेळेवर पाणी देऊ शकत नाही ते आमच्याकडून घरफाळा घेऊन काय देणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. जमिनींवर आरक्षणे पडतील ही भीतीही खरी होती. तरीही निर्णय टाळत राहण्याची किंमत कुणी मोजली, हे विचारायलाच हवे. नवीन कॉलनीत पथदिवे ग्रामपंचायतीचे. 2021 मध्ये थकबाकीपोटी राज्यात अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हा ही व्यवस्था किती कच्ची आहे ते उघड झाले. मोकळ्या प्लॉटवरची झुडपे कुणी काढायची, यावर मालक आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात. चोराला लपायला तेवढी जागा पुरते.

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. हद्दवाढ झाली की पोलीस वाढतील, असे कॉलन्यांच्या बैठकांत ठासून सांगितले जाते. महापालिकेची हद्द आणि पोलीस ठाण्याची हद्द या दोन वेगळ्या रेषा आहेत. ठाण्याची हद्द आणि मनुष्यबळ राज्य सरकार ठरवते. शहर असो वा खेडे, इथे सारे पोलीस जिल्ह्याच्याच अखत्यारीत आहेत. स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाची मागणी जुनी आहे आणि ती अजून मागणीच आहे. म्हणजे हद्दवाढीने दिवा येईल, बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, येईलच असे नाही. गावात कायद्याने पोलीस पाटील असतो. पण शेतकरी वस्तीची खडान्‌खडा माहिती असलेल्या त्या एका माणसाने शेकडो फ्लॅटमधले भाडेकरू कसे ओळखावेत?

म्हणून गस्त. चार-पाच जणांची आळीपाळी, शिट्टी, बॅटरी, काठी, आणि मोबाइलवरचा ग्रुप. ग्रुपवर कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातला व्हिडिओ येतो, खाली "आपल्या भागात टोळी शिरली" असे लिहिलेले असते, आणि त्या रात्री काठ्यांची संख्या दुप्पट होते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजाचे होते. ज्या संस्थानाने हजेरी बंद केली, त्याच्या राजधानीत गस्तीचा पहिला संशय पालातल्या माणसावर जावा, हे आपल्याला शोभत नाही.

कायदा गस्तवाल्याला थोडाच अधिकार देतो. डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा घोषित फरार आरोपीला सामान्य नागरिक धरू शकतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसत्या संशयावरून अडवणे, आधार कार्ड मागणे, चोप देणे यातले काहीच त्यात बसत नाही.

त्याच संहितेने कॉलनीवाल्यांची एक जुनी तक्रारही हाताळली आहे. "हे आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा" हे ऐकून रिंग रोडवरून रात्री माघारी आलेली माणसे इथे बरीच भेटतील. आता दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. मेल किंवा मोबाइलवरून कळवली तरी चालते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. 2021 पासून राज्यात 112 हा एकच आपत्कालीन क्रमांकही आहे.

मुख्य चौकांत सीसीटीव्ही आले, काही कॉलन्यांनी वर्गणी काढून स्वतःचेही बसवले. दुरुस्तीचे पैसे मात्र पहिल्या वर्षानंतर कुणी धरलेले नसतात. सध्या रहिवाशांच्या निवेदनांत तीन मागण्या पुन्हा पुन्हा दिसतात: पथदिवे, माणूस बसलेली चौकी, आणि पोलिसांसोबत, ओळखपत्र घेऊन घालायची संयुक्त गस्त. पहिली ग्रामपंचायतीकडे जाते, उरलेल्या दोन जिल्हा पोलिसांकडे. तिन्ही एकाच टेबलावर घेणारे कार्यालय या वस्त्यांसाठी अजून नाही.