आरशासाठी बनलेल्या जुन्या वाइड लेन्सेस मिररलेसवर का चालतात

जुनी मॅन्युअल २४ किंवा २८ एमएम लेन्स अॅडाप्टर लावून मिररलेसवर (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) चढवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, फोटोचे कॉर्नर किती स्पष्ट येतात? लोक याचं उत्तर कंपनीच्या नावात शोधतात, पण माझ्या मते आधी बघायचं ते हे की ती लेन्स आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी बनली होती की बिनआरशाच्या. सगळी गोम तिथेच आहे, आणि ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

रेंजफाइंडर (लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायच्या) कॅमेऱ्यात आरसा नसायचा, त्यामुळे लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता यायचं आणि डिझाइन करणाऱ्याला मोकळं रान मिळायचं. लुडविग बर्टेलेने झाइससाठी केलेली २१ एमएम एफ ४.५ बायोगॉन १९५४ची, सोव्हिएत बाजूला मिखाइल रुसिनोवची रुसार २० एमएम एफ ५.६, या त्या घराण्यातल्या. पुढचा आणि मागचा भाग जवळपास एकसारखा, त्यामुळे सरळ रेषा सरळच राहतात, आणि लेन्स एवढीशी.

एसएलआरने (आरशामार्फत लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने) ही सोय काढून घेतली. आरशाला वर उडायला जागा हवी, म्हणून निकॉन एफमध्ये माउंटपासून (लेन्स बॉडीला जिथे बसते तिथून) फिल्म ४६.५ एमएम लांब. आता साध्या रचनेची २४ एमएम लेन्स फिल्मपासून साधारण २४ एमएमवर बसायला हवी, म्हणजे ती थेट आरशाच्या वाटेत येणार. १९५९ला निकॉन एफ आला तेव्हा त्याची २१ एमएम एफ ४ लेन्स खरंच अशी होती की ती लावायची तर आरसा वर करून लॉक करायचा आणि फ्रेम बघायला वेगळा व्ह्यूफाइंडर वर खोचायचा, म्हणजे एसएलआर घेऊन त्यातून बघायचंच नाही!

यावरचा तोडगा सिनेमावाल्यांकडे आधीच होता. टेक्निकलरच्या तीन पट्ट्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे प्रिझम असायचा, त्यामुळे तिथेही मागे जागा सोडणं भाग होतं, आणि टेलर हॉब्सनच्या एच. डब्ल्यू. लीने १९३०च्या आसपास उलट्या टेलिफोटोची रचना त्यासाठी वापरली, म्हणजे पुढे प्रकाश पसरवणारं मोठं भिंग आणि मागे गोळा करणारा गट. स्टिल कॅमेऱ्यात हीच कल्पना पिएर अँजेन्यूने १९५०मध्ये ३५ एमएम एफ २.५ लेन्समध्ये आणली, तिचं नाव रेट्रोफोकस, आणि पुढे अशा सगळ्याच लेन्सना तेच नाव चिकटलं. पूर्व जर्मनीतल्या येनाच्या झाइसची फ्लेक्टोगॉनही त्याच सुमाराची. या लेन्सेस मोठ्या आणि जड, पुढचं भिंग मोठं असल्याने फ्लेअरही (उजेडाची चकाकी) जास्त, आणि जवळ फोकस केलं की कडा ढासळायच्या. ते शेवटचं दुखणं निकॉनने १९६७च्या २४ एमएम एफ २.८मध्ये फोकसबरोबर आतल्या भिंगांमधलं अंतरही बदलवून बरंच कमी केलं.

मग ऑटोफोकस आला आणि मिनोल्टाने १९८५ला, कॅननने १९८७ला माउंट बदलले. कॅननच्या जुन्या एफडी माउंटचं फिल्मपर्यंतचं अंतर ४२ एमएम, नव्या ईएफचं ४४, फक्त २ एमएमचा फरक, पण तेवढ्यामुळे मध्ये काच घातल्याशिवाय एफडी लेन्स नव्या बॉडीवर इन्फिनिटीला (अगदी लांबच्या फोकसला) पोचेना. इतक्या चांगल्या लेन्सेस वीस वर्षं कपाटात पडून राहिल्या याचं खरंच वाईट वाटतं.

२००८ला पॅनासॉनिक जी१ आला, आरसा गेला, अंतर २० एमएमच्याही खाली आलं आणि कुठल्याही जुन्या लेन्ससाठी अॅडाप्टर शक्य झाला. पण वाइडवाल्यांचं समाधान नाही, कारण जी१च्या छोट्या सेन्सरवर २४ एमएम म्हणजे ४८सारखी दिसायची, २०१०च्या सोनी नेक्सवर ३६सारखी. २४ला २४चं दृश्य मिळालं ते २०१३ला, सोनी ए७मुळे.

आणि तेव्हाच खरा प्रकार समोर आला. ज्या सिमेट्रिकल लेन्सेस फिल्मवर राजा होत्या त्यांचे कॉर्नर पुसट आणि जांभळट यायला लागले, कारण मागचं भिंग सेन्सरला खेटून असल्याने कडेचे किरण फार तिरके येतात आणि सेन्सरपुढच्या काचेच्या थरातून जाताना विस्कटतात, शिवाय पिक्सेलवर तिरके पडून रंगही बिघडवतात. फिल्मपुढे अशी काच नव्हतीच. २०१५च्या ए७आर २मधल्या बॅक-इल्युमिनेटेड (वायरिंग मागे असलेल्या) सेन्सरने रंगाचा त्रास पुष्कळ कमी केला, पण काच तिथेच आहे. उलट आरशाच्या सक्तीने जन्मलेल्या रेट्रोफोकस लेन्सेसमध्ये किरण लांबून, जास्त सरळ येतात, त्यामुळे आरसा गेल्यावरही त्याच जास्त उपयोगी पडतात. म्हणून मी तरी पहिली जुनी वाइड एसएलआरचीच घ्या म्हणेन.

फक्त अॅडाप्टर नीट बघून घ्या. बहुतेक अॅडाप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात, म्हणजे इन्फिनिटी चुकायला नको. १०० एमएमला ते जाणवतही नाही, पण २४ एमएममध्ये इन्फिनिटी आणि १० मीटर यात लेन्स जेमतेम ०.०६ एमएम सरकते, त्यामुळे अॅडाप्टर तेवढा आखूड असला तर इन्फिनिटीचा फोकस रिंगवर १० मीटरच्या खुणेला येतो, मग अंतराची पट्टी बघून झोन फोकस (अंतर आधीच लावून ठेवणं) करायचा विषयच संपला. आणि आतली भिंगं सरकणारी लेन्स असेल तर ती दूरच्या दृश्यालाही जवळच्या अंतराच्या जागेवर उभी असतात, कॉर्नर बिघडतात आणि दोष उगाच लेन्सवर येतो. तपासायला अपर्चर पूर्ण उघडा, लांबची एखादी गोष्ट मॅग्निफाय करून फोकस करा (पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, वाइडमध्ये ते अर्धी फ्रेम चमकवतं) आणि मग रिंग कुठे थांबली ते बघा. अॅडाप्टर दोन भाग स्क्रूने जोडलेला असेल तर मध्ये पातळ शिम (चकती) घालून रिंग खुणेवर आणता येते.