मोझॅक आणि चित्राच्या टॅगचा वाद

मोझॅकला सरसकट 'पहिला ग्राफिकल ब्राउझर' म्हटले जाते, पण तो मान त्याचा नाही. नेक्स्ट संगणकावरचा मूळ ब्राउझर १९९०चा. फिनलंडच्या विद्यार्थ्यांचा अर्वाइझ आणि कॅलिफोर्नियातला व्हायोला १९९२चे. मोझॅकने रुजवली ती वेगळी गोष्ट : मजकुराच्या ओळीतच बसणारे चित्र. त्याआधी चित्र पाहायचे तर दुव्यावर क्लिक करून ते सहसा वेगळ्या खिडकीत उघडावे लागे.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एका विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात मोझॅक घडत होता. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी तिथल्या एका तरुण प्रोग्रॅमरने वेबवर काम करणाऱ्यांच्या टपालयादीवर 'आयएमजी' हा नवा टॅग, म्हणजे पानात काय दाखवायचे हे ब्राउझरला सांगणारी सूचना, सुचवला. त्यात चित्राच्या फाइलचा पत्ता द्यायचा, बाकी काही नाही. लगेच हरकती आल्या. चित्रासाठी आज एक टॅग केला, तर उद्या आवाजासाठी दुसरा करणार का? कोणताही मजकूर वा माध्यम पानात ओढून घेणारा एकच टॅग का नको? वेबच्या जनकाचे म्हणणे असे, की चित्र नेहमीच्या दुव्याच्या टॅगनेच द्यावे आणि ते पानात दाखवायचे की नाही, याची खूण त्या दुव्यावर असावी. माझ्या मते यातला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा होता. दुव्याच्या टॅगच्या पोटात शब्द असतात. चित्र दिसले नाही तरी ते शब्द उरतात. 'आयएमजी'चे पोट रिकामे होते.

चर्चा मिटली नाही, पण मोझॅक बाहेर पडला. एप्रिल १९९३ मध्ये युनिक्ससाठी १.० आवृत्ती आली, वर्ष संपण्याआधी विंडोज आणि मॅकसाठीही. ज्याच्या हाती चालणारा प्रोग्रॅम होता त्याचाच टॅग राहिला. 'ऑब्जेक्ट' हा सर्वसमावेशक टॅग पुढे वेबची पाने लिहिण्याच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत, एचटीएमएल ४मध्ये आला, तोवर पाने 'आयएमजी'नेच भरली होती.

याची झळ आपल्याकडेही पोहोचली. ऑगस्ट १९९५ मध्ये मुंबईसारख्या शहरांत इंटरनेट सर्वांना खुले झाले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या 'शेल' खात्यावर निव्वळ अक्षरे दिसत. चित्राच्या जागी चौकोनी कंसात 'इमेज' एवढाच शब्द. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्या अंध वाचकांची अडचण तर खात्याचा प्रकार बदलूनही सुटणारी नव्हती.

पुढचे पुष्कळांना ठाऊक आहे. मोझॅकच्या चमूतले बरेचजण १९९४ मध्ये बाहेर पडून नव्या कंपनीत गेले. नावावरून विद्यापीठाशी वाद झाला, कंपनीला नाव बदलावे लागले आणि नेटस्केप अवतरला. 'मोझिला' हे त्याचे आतल्या गोटातले नाव, मोझॅक आणि गॉडझिला यांच्या जोडातून झालेले. क्रोमसुद्धा आजही सर्व्हरला आपली ओळख 'मोझिला' याच शब्दापासून सांगतो. दुसरीकडे, विद्यापीठाकडून परवाना घेतलेल्या कंपनीमार्फत मोझॅकचा वारसा इंटरनेट एक्स्प्लोररकडे गेला आणि त्याच्या माहितीच्या चौकटीत मोझॅकचे नाव सहाव्या आवृत्तीपर्यंत टिकले.

विद्यापीठाने मोझॅकचे काम जानेवारी १९९७ मध्ये थांबवले. चित्रासोबत शब्दांत वर्णन देणारा 'ऑल्ट' एचटीएमएलच्या अधिकृत नियमांत सक्तीचा झाला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात.