मेथी वाळवावी, कोथिंबीर वाळवू नये

होळी झाली की आमच्या परसातल्या पालकाचं रूप पालटतं. कालपर्यंत जमिनीसरशी पसरलेला असतो आणि एका सकाळी मधोमध दांडा सरळ वर निघालेला दिसतो. नवी पानं लहान, टोकदार, चवीला तुरट. मेथीच्या शेंड्याला पांढुरकी फुलं येतात आणि कोथिंबिरीची पानं शेपूसारखी बारीक होतात. आई वाफ्याकडे एक नजर टाकून म्हणायची, "आता आठ दिवस. मग गुरांपुढं टाका."

झाडाचा हिशोब साधा असतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, मार्चच्या एकवीस तारखेच्या सुमारास बारा तासांचा होतो आणि जूनमध्ये तेराच्या वर जातो. पानातली काही रंगद्रव्यं हा फरक मोजत असतात. दिवस लांबला, त्यात ऊन तापलं, की झाड पानं वाढवणं सोडून बियांच्या मागे लागतं. म्हणून दांडा निघायच्या आत सगळा पाला काढावा लागतो. एकाच आठवड्यात मेथीच्या दहा-बारा जुड्या, पालकाची टोपली, कोथिंबिरीचा भारा. चौघांच्या घरात तो खाऊन संपत नाही. शेजारी दोनदा घेतात. तिसऱ्यांदा दार उघडतच नाहीत.

(आपण ज्याला पालक म्हणतो तो बहुतेक वेळा खरा पालक नसतोच. 'ऑल ग्रीन' किंवा 'पुसा ज्योती' ही आपल्याकडची वाणं वनस्पतीशास्त्राच्या लेखी बीटाच्या जातकुळीतली आहेत. विलायती पालक वेगळा.)

तो पाला टिकवायचा तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: खुडलेलं पान मेलेलं नसतं. मेथीचं भरलेलं पोतं दोन-तीन तास बांधून ठेवा आणि मग मध्यभागी हात घालून बघा. हाताला चक्क ऊब लागते. पानं श्वास घेत असतात; साठवलेली साखर जाळून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता सोडत असतात. मुळाकडून पाणी येणं थांबलेलं, साखर बनणंही जवळपास थांबलेलं, खर्च मात्र चालूच. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की हा खर्च दुप्पट होतो. म्हणजे सकाळच्या २२ अंशांत काढलेली जुडी सावलीत गेली तर एक गोष्ट, आणि दुपारच्या ३८ अंशांत ओसरीवर पडून राहिली तर तिची पुंजी तिप्पट वेगाने संपते. वजनातलं पाच टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं तरी पान मलूल दिसायला लागतं. भाजीवाल्या ओलं गोणपाट टाकतात ते यासाठीच. गोणपाटातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं.

तेव्हा सकाळी काढावी. संध्याकाळी पानात दिवसभराची साखर साठलेली असते, म्हणून संध्याकाळी कापलेला पाला जास्त टिकतो, असं बेसिल या विलायती तुळशीवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण आमच्या साताऱ्याकडच्या चैत्रात संध्याकाळी पान आधीच माना टाकून बसलेलं असतं. मी सकाळी आठला काढतो, दव उडाल्यावर. ओला पाला वाळवणात काळा पडतो. मेथी उपटत नाही. बोटभर बुडखा ठेवून विळ्याने कापतो, म्हणजे फार ऊन नसेल तर आणखी एक हात मिळतो. शेंडा गेला की त्यातून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक बंद होतं आणि बगलेतले दबलेले डोळे फुटतात. थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडतात त्यामागेही हेच. भाजीची भाजी होते आणि झाडाला फांद्याही सुटतात.

हरभऱ्याचा विषय निघालाच आहे, तर टिकवण्याच्या बाबतीत त्याच्याइतकं समजूतदार पान दुसरं नाही. त्याच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाझरतात. पहाटे शेतातून चालत गेलं की पायांना चुरचुरतं ते त्यामुळे. जुनी माणसं रात्री पिकावरून फडकं फिरवून ते पिळून आंब गोळा करायची. हा पाला वाळवून डब्यात भरला की आषाढात, भाजी महाग झालेली असताना, बेसन आणि लसूण घालून पातळ भाजी होते. आंबटपणा तसाच राहतो, कारण ही आम्लं उडून जाणारी नाहीत. पाणी गेलं, ती पानावरच राहिली.

वास मात्र उडतो. कोणतं पान वाळवावं आणि कोणतं नाही, हे माझ्या मते एवढ्यावरच ठरतं. कोथिंबिरीचा वास अल्डिहाइड जातीच्या हलक्या रेणूंचा आहे. पान सुकताना ते पाण्याबरोबर निघून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून बदलतात. वाळलेल्या कोथिंबिरीला गवताचा वास येतो. बाजारात तिच्या बाटल्या मिळतात. का मिळतात हे मला अजून कळलेलं नाही. मेथीचं उलट. मेथीदाण्याचा तो कडसर-गोड वास सोटोलॉन नावाच्या रेणूचा, आणि तो नाकाला इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो की विश्वास बसू नये. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून मेपलच्या पाकासारखा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये उलगडा झाला: नदीपलीकडच्या न्यूजर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची. वाळलेल्या मेथीच्या पानालाही त्याच्याच जवळचा वास येतो, ओल्या पानापेक्षा जास्त उठून. कसुरी मेथी मात्र आपल्या मेथीची सख्खी बहीण नाही. ती वेगळी जात आहे. नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूर गावाचं आणि पीक मुख्यतः राजस्थानातल्या नागौरचं. घरची मेथी वाळवली की कसुरी होत नाही, पण डाळीला पुरेशी होते.

वाळवताना लोक एकच चूक करतात. कुरडया-पापडांच्या शेजारी, त्याच रणरणत्या उन्हात, पालाही पसरतात. पापडाला ऊन सोसतं, पानाला नाही. हरितद्रव्य आणि बीटा कॅरोटीन दोन्ही उजेडात मोडतात, म्हणून दोन दिवसांत मेथी पिवळट-करडी होते. सावलीत, वारं खेळेल अशा जागी, बाजेवर सुती कापड टाकून पातळ पसरावी. पाणी उन्हाने नाही तर कोरड्या हवेने खेचलं जातं, आणि मार्च-एप्रिलची देशावरची दुपार इतकी कोरडी असते की तेवढंच पुरतं. रत्नागिरीत याच महिन्यात हवा दमट. तिथं तीच मेथी रेंगाळते आणि काळवंडते. निवडलेल्या एक किलो मेथीत साधारण ८६० ग्रॅम पाणी असतं. वाळून दीडशे ग्रॅमच्या आसपास उरते. पान चिमटीत चुरलं की कुरकुर आवाज आला पाहिजे आणि देठ वाकण्याऐवजी मोडला पाहिजे.

हा मोडण्याचा आवाज म्हणजे खरं तर मोजमाप आहे. जंतूंना आणि बुरशीला पदार्थात एकूण किती पाणी आहे याच्याशी देणंघेणं नसतं, मोकळं किती आहे याच्याशी असतं. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक या मापात मोजतात आणि ०.६ च्या खाली काहीही वाढत नाही. बरणीचं झाकण सैल राहिलं आणि मृगाची हवा आत शिरली की मेथी सादळते. म्हणजे हा आकडा पुन्हा वर चढतो.

क जीवनसत्त्व वाळवण्यात जवळपास सगळं जातं. लोह, कॅल्शियम राहतात. पण चिमूटभर मेथीतून असं किती पोटात जाणार? ती स्वादासाठीच टिकवावी.

पालकाचं तसं नाही. तो आपण वाटीवाटीने खातो, म्हणून त्याच्यासाठी फ्रीजर. आणि इथं एक पायरी लोक टाळतात: उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिटाचा चटका. थंडीने पानातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. उणे १८ अंशांतही ती महिनोन्‌महिने हळूहळू काम करत राहतात आणि पालकाला वाळल्या गवताचा वास येतो. खात्री करायची असेल तर औषधाच्या दुकानातून जखम धुवायचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. कच्चं पान बशीत चुरडून त्यावर दोन थेंब टाका. क्षणात पांढरा फेस येतो. तो कॅटालेज या एन्झाइमचा, पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडण्याचा, उद्योग. मग चटका दिलेलं पान चुरडून तेच करा. थेंब नुसता पडून राहतो. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या पानाला देठापाशी बारीकसा फेस आला. चटका जाड देठापर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हापासून देठ वेगळे करतो. (प्रयोगातली पानं खायची नाहीत, हे सांगायला नकोच.)

भांड्यावर झाकण ठेवू नये. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यावर मॅग्नेशियमचा एक अणू असतो; ही रचना उलगडण्याच्या कामासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं. पान तापलं की त्यातली आम्लं सुटतात, मॅग्नेशियमला हुसकावतात आणि हिरवा रंग मळकट होतो. झाकण उघडं असलं की उडणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. सोडा टाकला तर रंग हिरवागार राहतो, पण पानाचा लगदा होतो आणि ब-१ व क जीवनसत्त्वांचं नुकसान होतं. मी टाकत नाही. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यातही पाला झगझगीत हिरवा दिसतो, कारण मॅग्नेशियमच्या जागी तांबं जाऊन बसतं. तो तर खाऊच नये.

चटक्याच्या पाण्यात काय उतरतं, याची गोष्ट आपल्या गिरणगावाशी जोडलेली आहे. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती बायकांमध्ये एक जीवघेणा पंडुरोग दिसत होता, तो ती शोधत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्यातला नेमका पदार्थ कोणता, हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याला फोलिक नाव दिलं. पुढे कळलं की बायकांना बरं करणारं ते हेच. हे फोलेट, म्हणजे पानातलं फोलिक आम्लाचं रूप, पाण्यात विरघळतं. चटक्याचं हिरवट पाणी मोरीत ओतलं की ते त्याबरोबर जातं. मी त्यात कणीक भिजवतो. मात्र त्याच पाण्यात ऑक्झॅलेटही उतरतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ते खुशाल ओतून द्यावं.

चटका दिला की लगेच थंड पाण्यात, मग घट्ट पिळून मुठीएवढे गोळे. कोथिंबिरीलाही फ्रीजरच, पण चटका न देता: मिरची-लसणाबरोबर वाटून, थोडं तेल घालून बर्फाच्या साच्यात. दोन-तीन महिन्यांत संपवायची असल्याने एन्झाइम्सची फिकीर नाही. ताजी ठेवायची तर आंब्याच्या आढीपासून लांब ठेवा. पिकणारा आंबा इथिलीन सोडतो, आणि त्या वायूने जशी कैरी पिवळी होते तशीच कोथिंबीरही. शिजवलेला पाला तेलात बुडवून घट्ट झाकणाच्या बरणीत बाहेर ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. आंबट नसलेल्या ओल्या पदार्थात, हवा नसताना, बोट्युलिनमचा जंतू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाला वासही नसतो, चवही नसते. अंबाडीचं लोणचं टिकतं ते मीठ आणि तिच्या अंगच्या आंबटपणाने. पालकाचं तसं टिकणार नाही.

पालक-मेथी संपली की वाफा रिकामा राहत नाही. माठ, राजगिरा, पोकळा यांना ऊनच हवं असतं. हवेतला कार्बन आधी एकवटून घ्यायची त्यांची खास पद्धत आहे, त्यामुळे थोड्या पाण्यात आणि भर उन्हात त्यांचं चांगलं चालतं. ते रोज ताजे मिळतात, मग टिकवायचे कशाला?

आणि घोळ. ती कुणी लावत नाही, येते. पाणी तुटलं की ती दिवसा पानाची रंध्रं मिटून घेते, रात्री उघडते, आत घेतलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरून टाकते. तहानलेली घोळ पहाटे खुडली तर आंबट लागते, दुपारनंतरची तशी लागत नाही. गेल्या वर्षी मेथीबरोबर तीही बाजेवर पसरली, न चिरता, मुळांसकट. मेथी तिसऱ्या दिवशी कुरकुरली. घोळीचे मांसल देठ आठव्या दिवशीही टवटवीत होते. दहाव्या दिवशी कापड झाडायला घेतलं, तर खाली मोहरीहूनही बारीक काळ्या बिया सांडलेल्या. बाजेवर पडल्या पडल्या तिने बोंडं पिकवून घेतली होती.