३१ टक्के की ४३ गुण? ‘टोटल रिकॉल’च्या रीमेकचा निकाल

लेन वाइजमनचा विज्ञानपट ‘टोटल रिकॉल’ (२०१२) समीक्षा गोळा करणाऱ्या दोन साइट्सपैकी रॉटन टोमॅटोजवर ३१ टक्क्यांवर आहे आणि मेटाक्रिटिकवर ४३ वर. दोन्ही आकडे शंभरपैकी, त्यामुळे एका साइटने जरा हात आखडता घेतला असेल, असं अनेकांना वाटतं. पण रॉटन टोमॅटोजचा आकडा गुणांचा नाहीच, तो मतमोजणीचा आहे. समीक्षा अनुकूल की प्रतिकूल एवढंच बघायचं आणि अनुकूल किती टक्के ते सांगायचं. ‘बरा आहे, पण जमला नाही’ म्हणणारा आणि ‘असह्य’ म्हणणारा, दोघांची मतं एकाच पेटीत. मेटाक्रिटिक प्रत्येक समीक्षेला शून्य ते शंभर गुण लावून सरासरी काढतं. त्यातही काहींच्या मताला जास्त वजन असतं. कोणाच्या मताला किती, हे मात्र गुलदस्त्यात!

रंगांचा घोळ वेगळाच. रॉटन टोमॅटोजवर लाल टोमॅटो चांगला आणि हिरवा चिखल वाईट. मेटाक्रिटिकवर हिरवं चांगलं, लाल वाईट. हा रीमेक एकीकडे हिरव्या चिखलात आहे, तर दुसरीकडे पिवळ्या, म्हणजे ‘संमिश्र’ गटात.

माझ्या मते पिवळा रंगच खरा. समीक्षकांनी हा सिनेमा काही झोडपून काढला नव्हता. पावसात भिजलेली दाटीवाटीची शहरं आणि पाठलाग अनेकांना आवडले. तक्रार होती ती पॉल व्हरहूवनच्या १९९० च्या मूळ सिनेमातला वात्रटपणा गायब झाल्याची. मंगळही गेला, त्याच्या जागी ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला पृथ्वीच्या पोटातून जाणारी अजस्र लिफ्ट आली. मूळ सिनेमात नायक श्वार्झनेगर मंगळावरच्या तपासणीत एका धिप्पाड बाईच्या वेशात येतो. मुखवटा बिघडतो, बाई ‘दोन आठवडे, दोन आठवडे’ बरळत राहते आणि शेवटी तिचं डोकं फाकांसारखं उघडतं. रीमेकमध्येही तशीच बाई रांगेत दिसते, पण ती पुढे निघून जाते. वेश पालटलेला नायक कॉलिन फॅरेल तिच्या मागे असतो. जाणकाराला गंमत वाटते, पण प्रसंगातला खुळेपणा काही परत येत नाही.

असं कोमट मत ‘हो की नाही’च्या चाळणीतून गेलं की बहुतेक ‘नाही’तच पडतं. म्हणून मूळ सिनेमा आणि रीमेक यांच्यातलं अंतर रॉटन टोमॅटोजवर पन्नासच्या घरात जातं. मेटाक्रिटिकवर ते वीसच्या आतच राहतं. शिवाय रॉटन टोमॅटोज सुरू झालं १९९८ मध्ये. तिथे जुन्या सिनेमांच्या खात्यात नंतर लिहिलेल्या समीक्षाही जमा होतात, म्हणजे सिनेमाचं नाव झाल्यावरची मतंसुद्धा.

अमेरिकी समीक्षक रॉजर इबर्टने मूळ सिनेमाला चारपैकी साडेतीन तारे दिले होते, रीमेकला तीन. मतमोजणीत अर्ध्या ताऱ्याचा हा फरक उरतच नाही. दोन्हीकडे एकेक अनुकूल मत.